थंडीचं माप

कोकणात थंडी म्हटलं की घाटावरचे लोक हसतात. पण डिसेंबरातल्या पहाटे दापोलीला या, शाल घेतल्यावाचून अंगणात पाय टाकवणार नाही. समुद्र जवळ, तरी गाव उंच माळावर. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी इथे लष्करी छावणी टाकली. गोऱ्यांना ही हवा मानवली. त्या छावणीवरून गावाला 'कॅम्प दापोली' हे नाव पडलं.

आमच्या घरामागच्या आंब्यांचं नशीबही याच थंडीच्या हाती. सफरचंदाच्या बहुतेक जातींना सात अंशांखालची थंडी हजारभर तास लागते. हापूसला इतकी सोसायची नाही. पण थंडी मुळीच पडली नाही, तर मोहोरही धड यायचा नाही. पालवी जून झालेली असावी आणि रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास काही दिवस टिकावा. एवढंच त्याचं मागणं.

हापूस हे नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं, असं मानतात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याच्या कलमांना बहर आला. 'कलम' हा शब्द मात्र आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. लिहायचा बोरू तोही कलम आणि झाडाला जोडायची डहाळी तीही कलम. दोन्ही तिरकस तासावी लागतात. मी एक कलम चालवतो. वडिलांनी दुसरी चालवली.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. मोहोर दृष्ट लागण्याजोगा आला होता. वडिलांनी बाग व्यापाऱ्याला दिली, आगाऊ रक्कम घेतली आणि मे महिन्यात थोरल्या बहिणीचा निकाह ठरवला. फळ वाटाण्याएवढं झालं आणि थंडी पुन्हा उतरली. झाडं दुसऱ्यांदा मोहोरली. आम्ही पोरं खूश! वडील मात्र गप्प झाले. झाडाचा जोर नव्या मोहोराकडे गेला की आधीची फळं पिवळी पडून गळतात. यालाच पुनर्मोहोर म्हणतात. आठवड्याभरात झाडांखाली नुसता सडा. वडिलांनी रक्कम परत केली. निकाह वर्षभर लांबला. त्या वर्षभरात बहीण बागेकडे फिरकली नाही.

दापोलीत 1972 साली कृषी विद्यापीठ सुरू झालं होतं. वडील तिथे जाऊ लागले. जुन्या भेटकलमांच्या जोडीला त्यांनी कोयकलमं लावली. विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून 1981 मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' आला, त्याचीही दोन झाडं लावली. सगळा भार एकट्या हापूसवर टाकायचा नाही, हे ते शिकले होते. पुढे पुनर्मोहोरावर जिब्रेलिक आम्लाच्या 50 पीपीएम फवारणीची शिफारसही विद्यापीठाने केली. त्याने नुकसान कमी होतं. थंडी काही कुणाच्या हुकमात येत नाही.

2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. वडील ते पाहायला नव्हते. त्यांची झाडं आहेत.

बहीण आता आखातात असते. डिसेंबर लागला की तिचा फोन येतो. माझ्या तब्येतीची चौकशी मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला : "रात्री थंडी किती पडते रे?"