खिशातली मनिला

१८९८ च्या १ मे रोजी पहाटे कमोडोर जॉर्ज ड्यूई याने ‘ऑलिंपिया’ या नौकेवरून मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमारावर तोफा डागण्याचा हुकूम दिला, आणि दारूगोळ्याची मोजदाद करण्यासाठी मध्येच लढाई थांबवून, तेवढ्यात खलाशांची न्याहारीही उरकून, दुपारपर्यंत त्या आरमाराचा फडशा पाडला, ही वार्ता अमेरिकेत पोहोचताच जो उन्माद उसळला, त्यास तेथील घड्याळवाल्यांनी खिशात मावेल असे रूप दिले. यंत्राने एकसारखे सुटे भाग घडविण्याची विद्या वॉल्थॅमच्या कारखान्याने तोवर पक्की केली होती आणि इंगरसोलने तर एका डॉलरात घड्याळ विकावयास काढले होते. त्यामुळे जे विजयस्मरण पूर्वी धनिकांच्या सुवर्णकवचांवर शोभावे, ते आता मजुराच्या बंडीतही टिकटिकू लागले.

असे एखादे घड्याळ हाती घ्यावे, तर पाठीमागच्या झाकणावर उठावाचे काम दिसते: ड्यूईच्या झुपकेदार मिशा, ‘ऑलिंपिया’ची दोन धुरांडी, आणि वर्षानुवर्षे अंगठा फिरून सपाट झालेले सेनानीचे नाक! काही कवचे तर स्पेनशी युद्ध जुंपण्याआधी हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडालेल्या ‘मेन’ या युद्धनौकेच्या पोलादाची म्हणून विकली गेली. तिच्यावर अडीचशेहून अधिक माणसे मेली होती, हे ध्यानी घेता हा सौदा मला तरी अमंगळ वाटतो.

त्याच वर्षी डिसेंबरात स्पेनशी झालेल्या पॅरिसच्या तहाने दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात मनिलासह फिलिपाइन्सचा मुलूख अमेरिकेकडे आला, आणि १८९९ च्या फेब्रुवारीत खुद्द तेथील रहिवाशांशीच युद्ध जुंपले.