बेळगावातून उठून गेलेला कारखाना

बेळगावात किर्लोस्कर रोड सगळ्यांना माहीत आहे. पण किर्लोस्करांचा कारखाना मुळात याच गावात उभा राहिला आणि इथूनच उठून गेला, हे नव्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक असेल? धंदेवाल्याचं समाजाला काही देणं लागतं का, हा प्रश्न आजकाल बराच चर्चेत असतो. त्याचं एक जुनं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने देऊन ठेवलं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, गाव गुर्लहोसूर. मुंबईला ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथे बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला पुढे केलं गेलं, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचा व्यापार भाऊ रामूअण्णांबरोबर 1888 पासून चालूच होता. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर निघाले.

हा नांगर विकायला मात्र फार जड गेलं. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे माल कित्येक दिवस पडून राहिला. खोटं बोलून तो खपवता आला नसता का? पण शेतकरी एकदा फसला की पुन्हा दारात येत नाही. लक्ष्मणरावांनी नांगरात सुधारणा करत, धीर धरून, विश्वास कमावला. धंद्यातली पहिली नैतिक जबाबदारी म्हणायची ती हीच, की विकलेली वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगी पडली पाहिजे.

तेवढ्यात गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. निवडुंग माजलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

वाडीत नुसता कारखाना नव्हता. कामगारांची घरं होती, शाळा होती. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीचं काम दिलं. ज्यांना कोणी उंबऱ्यावर उभं करणार नाही, त्यांच्या हाती कारखान्याची राखण! यात दया होती, तशीच जोखीमही होती. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. तेच पुढे मराठी घराघरात पोचलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. घर, शाळा, नोकरी सगळं एकाच मालकाकडे असलं, तर नोकरी गेल्यावर माणसाचं छप्परही जाऊ शकतं. मालक चांगला असला तर ठीक, नसला तर काय? म्हणून मालकाच्या चांगुलपणाला कायद्याची आणि कामगार संघटनेची जोड लागतेच.

आज कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. चांगली गोष्ट आहे. पण हा हिशेब नफा हाती आल्यानंतरचा. वस्तू कशी केली, कोणाला कामावर घेतलं, त्यांना कसं वागवलं, हा हिशेब त्याच्या आधीचा असतो, आणि तो 2 टक्क्यांत बसत नाही.

शेवटी एक प्रश्न आपल्या गावासाठी. उद्योगाने समाजाचं देणं द्यावं हे खरं, पण समाजानेही उद्योगाला जागा द्यायला नको का? औंधच्या राजाने ती दिली. आपण बेळगावकरांनी मात्र नावापुरता एक रस्ता राखला.