निम्म्या वाट्याची गोष्ट

आपल्याकडे एक वाक्य सहज बोलले जाते : 'तिला मुलीच होतात.' शहरात बोलतात, खेड्यात बोलतात. हिंदूंच्या घरी बोलतात, तसेच आम्हा मुसलमानांच्या घरीही बोलतात. आमच्यात मुलीला 'रहमत', म्हणजे ईश्वराची कृपा म्हणण्याची रीत आहे. पण तिसरी रहमत जन्माला आली, की त्याच घरात कुजबुज सुरू होते आणि सगळ्यांच्या नजरा बाळंतिणीकडे वळतात. 'त्याला मुलीच होतात' असे मात्र मी कधी ऐकले नाही. मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे हे वाक्य मला सतत खटकत आले आहे. विज्ञानाने त्याचा निकाल लावला, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. तो निकाल कसा लागला, त्याची ही हकिकत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले नामवंत अभ्यासकसुद्धा असे मानत, की गर्भ मुलाचा होणार की मुलीचा, हे आहारावर आणि उष्णतेवर अवलंबून असते. म्हणजे जबाबदारी पुन्हा आईच्याच पोटावर! खरे उत्तर पेशीच्या आत होते, आणि तिथवर पोहोचायला सूक्ष्मदर्शक व रंग लागले. जर्मनीत वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याच्या पेशी रंगवून पाहिल्या. पेशी दुभंगताना आत बारीक धाग्यांसारखे काही तरी दिसते आणि त्याची नीट वाटणी होते, हे त्यांनी १८८२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. १८८८ मध्ये या धाग्यांना 'क्रोमोसोम' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ केवळ 'रंगीत वस्तू' असा. आपल्या मराठीने त्याला 'गुणसूत्र' म्हटले. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यात गुणही आहे आणि धागाही.

बेल्जियममधील एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम केले. या जंताच्या पेशीत अवघी चार गुणसूत्रे असतात, त्यामुळे मोजणे सोपे. त्यांना दिसले, की फलित अंड्यात दोन गुणसूत्रे आईकडून येतात आणि दोन बापाकडून. अगदी सारखी वाटणी! पण त्यातून एक कोडे उभे राहिले. दर पिढीला दोघांची गुणसूत्रे मिळत गेली, तर चाराची आठ, आठाची सोळा अशी ती वाढत जायला हवीत. तशी ती वाढत नाहीत. का?

हे कोडे ऑगस्ट वाइसमान यांनी विचाराने सोडवले. त्यांचे डोळे अधू झाले होते, सूक्ष्मदर्शकावर फार वेळ काम करणे जमत नसे. १८८७ मध्ये त्यांनी सांगितले, की अंडे आणि शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे एक खास विभाजन झालेच पाहिजे. पुढे ते प्रत्यक्ष दिसलेही. १९०५ मध्ये त्याला ग्रीक भाषेतून 'घट' अशा अर्थाचे नाव मिळाले, मायोसिस. मराठीत आपण त्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतो. आई आपले निम्मे देते, बाप आपले निम्मे देतो, तेव्हा कुठे एक माणूस पूर्ण होतो.

अमेरिकेत वॉल्टर सटन यांनी नाकतोड्याच्या पेशींवरून १९०२-०३ मध्ये दाखवले, की गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. जोडीतले एक आईकडचे, एक बापाकडचे, आणि वाटणीच्या वेळी कोणत्या जोडीतले कोणते जाईल याचा नेम नसतो. माणसात अशा २३ जोड्या आहेत. एका माणसाच्या निम्म्या वाट्याचे ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकार होऊ शकतात. सख्खी भावंडे एकसारखी का नसतात, हे यावरून समजावे.

आता आपल्या वाक्याकडे येऊ. १८९१ मध्ये हेर्मान हेंकिंग यांना एका कीटकात जोडीदार नसलेला एक धागा दिसला. तो काय असावा हे न कळल्याने त्यांनी त्याला 'एक्स' म्हटले, बीजगणितात अज्ञात राशीला म्हणतात तसे. त्याचा अर्थ उलगडणाऱ्यांत एक बाई होत्या, नेट्टी स्टीव्हन्स. शिक्षिका आणि ग्रंथपाल म्हणून नोकरी करून पैसे साठवले आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्या विद्यापीठात दाखल झाल्या. ब्रिन मॉर या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याचा अभ्यास केला. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. म्हणजे अंडी सगळी सारखीच, शुक्राणू मात्र दोन प्रकारचे. लहान गुणसूत्र असलेला शुक्राणू अंड्याला मिळाला तर नर, मोठे असलेला मिळाला तर मादी. हा शोध १९०५ चा. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. स्टीव्हन्सबाई १९१२ मध्ये कर्करोगाने गेल्या, वय अवघे पन्नास. पाठ्यपुस्तकांतून बरीच वर्षे विल्सन यांचेच नाव पुढे राहिले.

माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे १९५६ मध्ये पक्के झाले आणि पुरुषपण 'वाय' गुणसूत्रावर ठरते हे १९५९ मध्ये. आईकडे दोन एक्स. ती एक्सच देणार, दुसरे देण्याजोगे तिच्यापाशी नाहीच. बापाकडे एक एक्स आणि एक वाय. मग दोष बापाला द्यायचा का? तसेही नाही. वाटणी त्याच्या मर्जीने होत नाही. दर खेपेला शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी. तीन मुलींनंतरही चौथ्या वेळी पुन्हा तेवढीच. इथे गुन्हेगार कुणीच नाही, कारण गुन्हाच घडलेला नाही.

दुर्दैव असे, की हे ज्ञान आपण भलतीकडेच वापरले. गर्भजल काढून त्यातील पेशींची गुणसूत्रे पाहायची आणि मुलगी असेल तर गर्भ पाडायचा. या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. सोनोग्राफीचे यंत्र आल्यावर तर गुणसूत्रे मोजण्याचीही गरज उरली नाही. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा' हे नाव घेऊन वाढणाऱ्या मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. 'नको असलेली' हे नाव त्यांना शाळेच्या हजेरीपटावरही ऐकावे लागत होते.

नावे बदलली हे चांगलेच झाले. आता आपले वाक्यही बदलले पाहिजे. शाळेत दहावीच्या आसपास एक्स आणि वाय सगळेच शिकतात, परीक्षेत आकृती काढून गुण मिळवतात. मात्र घरात पाळणा हलला की ती आकृती कुणाला आठवत नाही. पुढच्या वेळी कुणी 'तिला मुलीच होतात' म्हणाले, तर तिथल्या तिथे थांबवून सांगावे : त्या दोघांना मुली झाल्या आहेत. आणि मग बर्फी मागावी.