वायसरची कुळकथा

वायसरचं सगळ्यांत साधं रूप पाहायचं तर बंडीच्या चाकाजवळ वाकावं. चाकाचा तुंबा आसावर फिरतो आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. चालता चालता चाक बाहेर सरकलं की फिरता तुंबा खिळीवर घासणार. म्हणून दोघांच्या मध्ये लोखंडी चकती घालतात. झिजायचं तर तिनं झिजावं. तिला बदलणं स्वस्त. इथे आटे नाहीत, नट नाही, तरी वायसरचा स्वभाव ठरून गेला आहे: दुसऱ्याची झीज आपल्या अंगावर घ्यायची.

पुढे नट-बोल्ट आले आणि चकतीला आणखी एक काम लागलं. बोल्ट कसला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. पण लाकडी दांडीवर नट थेट कसला तर तो लाकडात रुततो, ताण उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी दांडी खुळखुळते. 12 मिलिमीटरच्या बोल्टाचा नट साधारण 19 मिलिमीटर रुंद असतो. त्याखाली 24 मिलिमीटरचा साधा वायसर घातला की टेकायची जागा दुपटीवर जाते. 37 मिलिमीटरचा मोठा वायसर घातला तर जवळजवळ सहापट. लाकडाला आणि पातळ पत्र्याला मोठा वायसर लागतो तो एवढ्यासाठी.

तिसरा जाच रेल्वेनं आणला.  जुन्या पद्धतीच्या रुळांत दोन तुकडे फिशप्लेटा लावून बोल्टांनी जोडतात. प्रत्येक चाक सांध्यावर आदळतं आणि नट हळूहळू सैल होतात. त्यावर उपाय म्हणून एका ठिकाणी कापलेला, पीळ दिलेला स्प्रिंग वायसर आला. बोल्टाचा ताण थोडा उतरला तरी हा नटाला रेटून धरील, ही त्यामागची कल्पना. 1923 साली शिकागोत शेकप्रूफ कंपनीनं दातेरी वायसर काढला. त्याचे पिळलेले दात धातूत रुततात.

स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे फार भिस्त आहे. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरचा बोल्ट पडला की पहिला प्रश्न तोच असतो: स्प्रिंग वायसर टाकला होता का? पण गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 साली प्रयोग करून दाखवलं की बोल्टाला आडवे हिसके बसले की कसलेला नटही आपोआप उलटा फिरतो. नासाच्या 1990 सालच्या बोल्टांविषयीच्या पुस्तिकेत तर स्पष्ट म्हटलं आहे की पूर्ण दबलेला स्प्रिंग वायसर साध्या चकतीएवढंच काम करतो. बोल्ट नीट कसला की तो दबतोच. म्हणून थरथरणाऱ्या यंत्राला मी नायलॉनची कडी असलेला नट सुचवीन, किंवा एकावर एक दोन नट, आणि खाली साधा जाड वायसर.

आता छपराकडे वळू, कारण वऱ्हाडात वायसरची खरी परीक्षा तिथे होते. लंडनच्या गोदीतल्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्यानं 1829 साली नालीदार पत्र्याचं पेटंट घेतलं. 1837 साली फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या अभियंत्यानं लोखंडावर जस्ताचा थर चढवायच्या रीतीचं पेटंट घेतलं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि हा पत्रा, म्हणजे आपलं टिन, जगभर गेला. पण टिन बसवायचं म्हणजे त्याला भोक पाडायचं, आणि भोक म्हणजे गळती. पाणी नालीतून वाहतं, म्हणून भोक नेहमी उंचवट्यावर पाडतात. त्यातून छपराच्या लोखंडी अँगलला अडकवलेला जे-हुक वर काढतात, त्यावर आधी डांबरी वायसर, मग उंचवट्याच्या गोलाईला बसणारा वाकवलेला लोखंडी वायसर, आणि मग नट. डांबर पाणी अडवतं, लोखंड त्याला दाबून धरतं. क्रम उलटला तर पहिल्या मिरगाच्या पावसात भिंतीवर ओघळ येतात.

छपरावर नट फार कसण्याची चूक सर्रास होते. उंचवटा दबतो, तिथे खळगा पडतो आणि पाणी भोकाशीच साचतं. मे महिन्याच्या उन्हात डांबर मऊ पडतं, अति दाबलेलं असलं तर कडेनं बाहेर येतं, आणि काही वर्षांत कडक होऊन तडकतं. वादळाचं गणित आणखी वेगळं आहे. छपरावरून जाणारा जोराचा वारा टिनाला वर ओढतो. अनेकदा हुक उपटत नाही, अँगलही वाकत नाही. वायसर लहान असला तर टिनच भोकाशी फाटून नटावरून निघून जातं. उडालेल्या टिनाची भोकं पाहावीत, फाटल्याची खूण तिथेच सापडते.

हल्ली जे-हुकाच्या जागी आपलं भोक आपण पाडणारे स्क्रू आले आहेत. त्यांच्या डोक्याखाली लोखंडी चकती आणि तिला चिकटवलेलं काळं रबर असतं. रबर चकतीच्या कडेबाहेर किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. चपटं होऊन बाहेर पसरलं तर स्क्रू जास्त कसला गेला, आणि चकती हातानं फिरत असेल तर कमी. तिरपा गेलेला स्क्रू एका बाजूनं उघडा राहतो. तो काढावा आणि त्या भोकात जाडसर स्क्रू मोठ्या वायसरसह सरळ बसवावा.