तुतारी कोणती?

मतपत्रिकेला वाङ्मयात कोणी जागा देत नाही. मला मात्र तिचा इतिहास एखाद्या कादंबरीइतका रंजक वाटतो. ज्यांच्यासाठी ती घडविली, त्यांतल्या बहुसंख्यांना वाचताच येत नव्हते!

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. आमचा बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपला कागद त्या पेटीत टाकला, की झाले. मनुष्याचे मन सगळे पारखून निवड करीत नाही. ओळखीचे दिसले की तिथेच थबकते. मनाची ही खोड आयोगाने चांगल्या कामाला जुंपली. बैलजोडी, झोपडी, कणीस-विळा, सारे रोजच्या पाहण्यातले. १९६७ साली साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना बीडकरांनी लोकसभेत धाडले, ते या कणीस-विळ्यावरच. नाव मोठे होते हे खरे, पण ते वाचता किती जणांना येत होते?

पेट्यांत एक खोट होती. आडोशाला गेलेला मतदार कागद पेटीत न टाकता बाहेर आणून विकू शके. म्हणून १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत आली. पुढे यंत्र आले आणि चित्रे एकाखाली एक दाटीवाटीने बसली.

मग तीच खोड उलटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. आयोगाच्या खुल्या चिन्हांत ‘ट्रम्पेट’ होतेच, आणि त्याचे मराठी नाव छापले होते ‘तुतारी’! आमच्याकडे लग्नात तुतारी ऐकलेला कोणीही त्या वाद्याला फार तर पिपाणी म्हणेल. पण प्रचारात कानांनी ‘तुतारी’ घोकली होती; डोळ्यांना तसलेच वाद्य दिसले आणि बोट तिथेच टेकले. बीडमध्ये त्या पक्षाचा उमेदवार ६,५५३ मतांनी निवडून आला, आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ५४ हजारांहून अधिक मते पडली. साताऱ्यात तर पक्षाचा उमेदवार जितक्या मतांनी पडला, त्याहून अधिक मते ट्रम्पेटने नेली. यांतली सगळीच चुकून पडली असे मी म्हणणार नाही. पण दोष मतदाराच्या अडाणीपणाला देणे मला अन्यायाचे वाटते. नाव छापणाऱ्याने एकदा मराठी कानाने ऐकायला हवे होते.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीआधी आयोगाने माणसाचे चित्र ठळक करून दिले. ट्रम्पेट मात्र यादीत राहिले.