डिस्प्ले येत नाही : जुनी ग्राफिक्स कार्डे आणि लिनक्स

संगणकाच्या मॉनिटरवर दिसणारे प्रत्येक चित्र ग्राफिक्स कार्ड तयार करते आणि त्या कार्डाकडून काम करून घेतो तो ड्रायव्हर. कार्डावरच्या चिपची भाषा फक्त तिच्या ड्रायव्हरला येते. त्यामुळे कार्ड धडधाकट असूनही ड्रायव्हर नसला, चुकीचा बसला किंवा नव्या सिस्टिमशी जुळेनासा झाला, की दुरुस्तीच्या दुकानात एकच तक्रार येते : डिस्प्ले येत नाही. विंडोजवर ड्रायव्हर पुरवण्याची जबाबदारी कार्ड किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीची असते. लिनक्सवर तो कधी कंपनीने दिला, कधी स्वयंसेवकांनी चिपची माहितीपत्रके वाचून लिहिला, तर कधी माहितीपत्रकही नसताना चिपचे वागणे पाहून तयार केला. जुने कार्ड लिनक्सवर चालवताना आज ज्या पायऱ्यांनी जावे लागते, त्यांतली एकेक पायरी या इतिहासाच्या एकेका टप्प्यावर पडली आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा आयबीएमचा पीसी बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्या काळच्या डिस्प्ले कार्डात अक्षरांचे साचे रॉम चिपमध्ये कायमचे कोरलेले असत. एकूण २५६ चिन्हे, त्यांत देवनागरी एकही नाही. देवनागरी दाखवायची तर वेगळे कार्डच हवे होते. आयआयटी कानपूरमध्ये झालेल्या कामातून जिस्ट हे तंत्र उभे राहिले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते कार्डाच्या रूपात बाजारात आणले. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की डॉसवरच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटत असे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याकडे बोलली जाणारी तेलुगूही त्यात होती. पुढे विंडोज आले, अक्षरे काढण्याचे काम सॉफ्टवेअरकडे गेले आणि जिस्ट कार्डाची गरज संपली. कार्ड बिघडले नव्हते, नव्या सिस्टिमला त्याचे काम उरले नव्हते. हीच पाळी नंतर अनेक ग्राफिक्स कार्डांवर आली.

लिनक्सचा जन्म १९९१ चा. त्यावर खिडक्या आणि चित्रे दाखवण्याची व्यवस्था मात्र त्याहून जुनी आहे. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेली एक्स विंडो सिस्टिम १९८७ मध्ये अकराव्या आवृत्तीला पोहोचली आणि पीसीच्या कार्डांसाठी तिचे रूप सांभाळणारा एक्सफ्री८६ हा प्रकल्प १९९२ मध्ये उभा राहिला. भारतात इंटरनेट दुर्मीळ असताना 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत येणारी सीडी हा लिनक्स मिळवण्याचा मोठा मार्ग होता. सीडीवरून सिस्टिम बसे, अडायचे ते पडद्यापाशी. एस३, सिरस लॉजिक, ट्रायडेंट, सिस अशा चिपांपैकी आपली कोणती, हे कार्डावरचे बारीक अक्षर वाचून ओळखावे लागे. शिवाय मॉनिटर आडव्या रेषा किती किलोहर्ट्झने आणि पूर्ण चित्र किती हर्ट्झने आखतो, हे आकडे त्याच्या पुस्तिकेतून शोधून मांडणीच्या फाइलमध्ये हाताने लिहावे लागत. आकडा चुकला की चित्र फिरत राही, मॉनिटर शिट्टी घाली. एकाच वारंवारतेवर चालणारे जुने मॉनिटर तर अशा चुकीने कायमचे निकामी होऊ शकत.

यातून सुटकेचे दोन मार्ग निघाले. मॉनिटरने आपली माहिती केबलमधून स्वतःच कार्डाला कळवावी, अशी सोय व्हेसा या संघटनेने १९९४ च्या सुमारास ठरवून दिली. दुसरी सोयही व्हेसाचीच होती : बहुतेक कार्डांना समजेल असा सामायिक किमान संकेत. त्यावर चालणारा 'वेसा' ड्रायव्हर कोणत्याही चिपची खासियत वापरत नाही. चित्र दिसते, पण व्हिडिओ अडखळतो आणि खिडकी सरकवताना मागे राहते. अक्षरे काढणे कार्डाकडून सुटले असल्याने मराठी मजकूर मात्र या ड्रायव्हरवरही बिनचूक उमटतो. आजही काहीच चालेना तेव्हा दुरुस्तीवाला आधी वेसावर पडदा आणतो आणि मग मूळ दोष शोधतो. सिसच्या ६७१ सारख्या चिपांना लिनक्सवर पुरता ड्रायव्हर कधी मिळालाच नाही, त्यांच्यासाठी हा तात्पुरता उपाय कायमचा ठरला.

त्रिमितीय चित्रे काढणारी कार्डे १९९६ मध्ये ३डीएफएक्सच्या व्हूडूने घरोघरी नेली. लिनक्समध्ये अशा कार्डांपर्यंत थेट पोहोचण्याची रचना मार्च २००० मध्ये एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर आली. त्याच वर्षी एनव्हिडियाने लिनक्ससाठी स्वतःचा ड्रायव्हर दिला. तो वेगवान होता, पण त्याचा मूळ कोड बंद होता. त्याचा मोठा भाग तयार अवस्थेत येई आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडणारा छोटा भाग वापरकर्त्याच्या संगणकावर, त्या कर्नलपुरता बांधला जाई. कर्नल अद्ययावत झाले आणि हा दुवा पुन्हा बांधला गेला नाही, की पुढच्या वेळी संगणक सुरू करताना काळा पडदा. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही व्यवस्था नंतर डेल कंपनीतून आली, तरी तिला कर्नलच्या हेडर फाइली लागतातच. ‘काल चालू होता, अपडेट केले आणि गेला’ या तक्रारीच्या मुळाशी बहुधा एवढीच उणीव असते.

एक्सफ्री८६ ने २००४ च्या सुरुवातीला परवाना बदलला, तेव्हा बहुतेक मंडळी एक्स.ऑर्ग या दुसऱ्या प्रकल्पाकडे गेली. पुढच्या सहा वर्षांत चित्र पालटले. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स चिपांची कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये चिपांची माहितीपत्रके खुली करण्यास सुरुवात केली, त्यामुळे 'रेडिऑन' हा खुला ड्रायव्हर भक्कम झाला. एनव्हिडियाकडून तशी मदत नव्हती. बंद ड्रायव्हर चिपला काय सांगतो याची नोंद करत स्वयंसेवकांनी 'नूवो' लिहिला आणि २०१० च्या २.६.३३ या कर्नलमध्ये तो सामील झाला. त्याआधी २००९ मध्ये पडद्याचे माप आणि वारंवारता ठरवण्याचे काम एक्सकडून काढून कर्नलकडे दिले गेले. संगणक सुरू होताना पडदा लुकलुकणे थांबले, पण जुन्या चिपांवर एक नवा दोष आला : कर्नल लवकर पडदा ताब्यात घेई आणि तिथेच अडकून बसे. त्यावरचा उतारा म्हणजे सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द घालणे. त्याने कर्नल पडद्याच्या मापाला हात लावत नाही आणि दुरुस्तीपुरता पडदा मिळतो. याच सुमारास हाताने लिहिलेल्या मांडणीच्या फाइलची गरज संपली. जुन्या सिस्टिमवरून पुढे आलेली तशी फाइल आता उलट अडसर ठरते आणि तिचे नाव बदलून बाजूला केले की पडदा सुरू होतो, असे वारंवार घडते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या न्यायालयांच्या रोजच्या कामातही लिनक्स आले. केंद्र सरकारने २००७ मध्ये ई-कोर्ट्स प्रकल्प मंजूर केला. त्यात मुक्त सॉफ्टवेअरची निवड झाली. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील खटल्यांच्या नोंदींची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे केंद्रात तयार झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने न्यायालयांसाठी उबुंटूची जुळवून घेतलेली आवृत्ती दिली. त्या मालिकेतली १२.०४ ही उबुंटू आवृत्ती एप्रिल २०१२ ची, पाच वर्षांच्या आधाराची. तिचा काळ ग्राफिक्सच्या दृष्टीने कसोटीचा होता. आदल्याच वर्षी ग्नोम ३ आणि युनिटी हे नवे डेस्कटॉप आले होते आणि साधी खिडकी दाखवायलाही ते कार्डाची त्रिमितीय शक्ती मागत. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्यासाठी १२.०४ मध्ये 'युनिटी २डी' ही हलकी सोय होती. सहा महिन्यांनी आलेल्या १२.१० मध्ये ती काढली गेली आणि कमकुवत कार्डांचे काम प्रोसेसरवर टाकले गेले. लॉग-इन होते, पण माउस ओढल्यासारखा हलतो, हे लक्षण तेव्हापासूनचे. त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सडीईसारखा हलका डेस्कटॉप निवडणे हा सोपा इलाज ठरला.

बंद ड्रायव्हरचा आधार कंपनी ठरवेल त्या दिवशी संपतो, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. एनव्हिडियाने जुन्या चिपांसाठी ड्रायव्हरच्या वेगळ्या शाखा ठेवल्या. भारतीय बाजारात खपलेल्या स्वस्त कार्डांची वंशावळच त्यातून वाचता येते. टीएनटी२ साठी ७१.८६, एमएक्स ४४० साठी ९६.४३, एफएक्स ५२०० साठी १७३.१४, जीफोर्स ६२०० आणि ७३०० साठी ३०४, जीफोर्स ८४०० आणि २१० साठी ३४०, जीटी ६१० साठी ३९०, जीटी ७१० साठी ४७०. यांपैकी ३०४ चा आधार २०१७ च्या अखेरीस, ३४० चा २०१९ च्या अखेरीस आणि ३९० चा २०२२ च्या अखेरीस संपला. चुकीची शाखा बसवली तर ड्रायव्हर कार्डाला ओळखत नाही. बरोबर शाखा बसवली आणि कर्नल फार नवे असले, तर ती बांधलीच जात नाही. एएमडीनेही २०१२ मध्ये रेडिऑन एचडी २००० ते ४००० या मालिका आपल्या बंद ड्रायव्हरच्या मुख्य धारेतून वगळल्या. ती कार्डे मात्र खुल्या रेडिऑन ड्रायव्हरवर नंतरही अनेक वर्षे चालत राहिली. नूवोने एनव्हिडियाची जुनी कार्डे अशीच उचलून धरली, जरी अनेक चिपांचा वेग त्याला पूर्ण वाढवता आला नाही.

प्रत्येक काळा पडदा ड्रायव्हरचा नसतो. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपुढे जातो आणि घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यात धुळीला कोळशाची भुकटीही मिसळते. पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसला की चिप तापते, आणि तापणे-निवणे यांच्या फेऱ्यांत चिपखालचे बारीक डाख तडकू शकतात. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपच्या काही चिपांतील अशाच दोषासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. यंत्राचा दोष आणि ड्रायव्हरचा दोष वेगळा काढण्याची खूण सोपी आहे. संगणक सुरू होताच बायॉसची अक्षरेच तुटकी दिसली, रंगीत ठिपके किंवा उभ्या पट्ट्या आल्या, तर लिनक्सचा त्यात हात नाही, कारण ते अजून सुरूच झालेले नसते. तेव्हा कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतात, खाच ब्रशने झाडतात, कार्ड टक आवाज येईपर्यंत दाबून बसवतात. बायॉस स्वच्छ दिसून नंतर पडदा गेला, तरच शोध ड्रायव्हरकडे वळतो.

तो शोध आज ठरलेल्या क्रमाने चालतो. आधी कंट्रोल आणि ऑल्ट दाबून एफ३ या कळीने अक्षरांचा पडदा उघडतात. तो उघडला म्हणजे संगणक जिवंत आहे, फक्त चित्र अडले आहे. तोही उघडला नाही तर नोमोडसेट. मग 'एलएसपीसीआय' या आज्ञेने चिपचे खरे नाव विचारतात, कारण डब्यावरचे नाव आणि आतली चिप यांत फरक असू शकतो. त्यानंतर एक्स.ऑर्गची नोंदवही. तिच्यात चुकीच्या ओळींना दोन 'ई' आणि इशाऱ्याच्या ओळींना दोन 'डब्ल्यू' अशी खूण असते. पहिली 'ई' हीच बहुधा खरी चूक असते, पुढच्या तिच्यातून निघालेल्या. मांडणीची जुनी फाइल दिसली तर ती बाजूला करतात. बंद ड्रायव्हर अर्धवट बसला असेल तर तो समूळ काढून खुल्या ड्रायव्हरला वाव देतात, कारण दोघे एकाच कार्डावर एकदम चालत नाहीत. शेवटी, जुने कर्नल शिल्लक असेल तर सुरुवातीच्या यादीतून ते निवडून पाहतात. त्यावर पडदा आला, की दोष नव्या कर्नलच्या जुळणीत आहे हे पक्के होते. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. तेवढ्या लांब फोनवरून दुरुस्ती सांगायची तर हा क्रम मोडून चालत नाही.

खुल्या ड्रायव्हरांनाही शेवट आहे, पण तो वेगळ्या कारणाने येतो : सांभाळणारे हात आणि तपासायला चालू कार्डे उरत नाहीत. मेसा या त्रिमितीय संचाने २०२२ च्या २२.० आवृत्तीत सर्वांत जुने ड्रायव्हर मुख्य धारेतून काढून 'ॲम्बर' नावाच्या शाखेत ठेवले. एप्रिल २०२३ च्या ६.३ या लिनक्स कर्नलमधून व्हूडू, रेज १२८, सॅव्हेज, सिस, व्हाया या जुन्या चिपांचे त्रिमितीय भाग वगळले गेले. ही कार्डे त्यामुळे बंद पडली नाहीत. त्रिमितीय काम प्रोसेसरवर जाते आणि कार्डाकडे साधा पडदा दाखवण्याचेच काम उरते. अर्ज टंकायला, नोंदी पाहायला आणि मराठी पत्र छापायला तेवढा पडदा पुरतो.