हायब्रीडचा मुख्यमंत्री

शिरपूर जैनला बहुतेक लोक येतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी. जमिनीला न टेकलेली मूर्ती बघायची, फोटो काढायचा, परत जायचं. तुम्ही आलात तर जरा गावाबाहेर शिवारातही चक्कर मारा. पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन दिसेल. आता गावातल्या कुणा सत्तरीच्या आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी इथं काय होतं? उत्तर येईल, ज्वारी आणि कापूस. अजून थोडं बोलतं केलंत, तर 'हायब्रीड' हा शब्द येईलच.

त्या शब्दामागे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माणसाचं मोठं राजकारण आहे.

वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्म. वकील झाले, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली शिकले, मग पुसदला वकिली केली. १९४१ साली वत्सला घाटे या ब्राह्मण मुलीशी लग्न केलं. तांड्यावरचा मुलगा आणि ब्राह्मण मुलगी, तेही त्या काळात! दोन्हीकडे काय वादळ उठलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. १९४६मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२मध्ये आमदार. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्यांचं पहिलं उपमंत्रिपद मध्य प्रदेश सरकारातलं. पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात मंत्री, महाराष्ट्र झाल्यावर महसूलमंत्री. नोव्हेंबर १९६३मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार गेले आणि ५ डिसेंबरला नाईकांनी शपथ घेतली.

ते पायउतार झाले २० फेब्रुवारी १९७५ला. सव्वाअकरा वर्षं! त्यांच्यानंतर सलग पाच वर्षं पूर्ण करणारा मुख्यमंत्री महाराष्ट्राला थेट २०१९मध्ये मिळाला.

हे जमलं कसं? पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरसम्राटांना विदर्भातला, संख्येनं लहान समाजातला मुख्यमंत्री सोयीचा होता, हे एक उत्तर. ते खरंच आहे, पण अपुरं. नुसत्या सोयीवर कुणी अकरा वर्षं टिकत नाही. नाईक कुणाशी टोकाचं वैर धरत नसत. तोंडात पाईप, अंगावर नीटनेटके कपडे, आणि बोलणं मात्र पेरणी-पाण्याचं. (मुंबईत शिवसेनेला त्यांनी इतकं मोकळं रान दिलं की विरोधक तिला 'वसंतसेना' म्हणायचे. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

१९६५ साली देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेतून गहू येत होता. तेव्हा पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत त्यांनी जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. आज असं कुणी बोललं तर तासाभरात मीम्स येतील. नाईकांनी मात्र त्यासाठी यंत्रणा कामाला लावली. सीएसएच-१ हे ज्वारीचं संकरित वाण १९६४मध्ये नुकतंच आलं होतं. त्याचा प्रचार गावोगाव झाला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळातली. कणसं भरली, पोती वाढली. म्हाताऱ्या बायकांनी मात्र हायब्रीडच्या भाकरीला चव नाही म्हणून नाकं मुरडली.

आणि मग १९७२चा दुष्काळ. बियाणं सुधारलं म्हणून पाऊस पडत नाही. लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली. मागेल त्याला काम, हे सूत्र पुढे २००५मध्ये देशाच्या कायद्यात आलं. कापूस एकाधिकार खरेदीही १९७२चीच. व्यापाऱ्याच्या हातातून कापूस काढून सरकारनंच तो घ्यायचा, असा विदर्भासाठी मोठा निर्णय.

पण पाणी? इथं मला नाईकांबद्दल राग येतो. विदर्भाचा माणूस अकरा वर्षं मुख्यमंत्री, तरी १९८४मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजला तेव्हा सिंचनात विदर्भ मागेच निघाला. सगळा दोष एकट्या माणसाचा नसतो, मान्य. पण ज्यांच्या पाठिंब्यावर खुर्ची टिकली, त्यांच्या उसाला पाणी आधी मिळालं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बियाणं मिळालं, कामाची हमी मिळाली, कापसाला गिऱ्हाईक मिळालं. ओलिताची वाट मात्र तो बघत राहिला.

१९७७मध्ये देशभर काँग्रेसची धूळधाण उडाली, तेव्हा हेच नाईक वाशिममधून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं.

अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला, त्यांच्या जन्मदिवशी. हाच दिवस राज्यभर कृषी दिन म्हणून साजरा होतो. कार्यालयांत फोटोला हार पडतो, भाषणं होतात. त्या वेळी शिरपूरच्या शिवारात सोयाबीन पेरून लोक आभाळाकडे बघत असतात. पाऊस लांबला तर दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणायचं, याचा हिशेब सुरू असतो. भाकरीची ज्वारी आता बऱ्याच घरांत दुकानातून येते.